बिरूने विचारायला लावलेला प्रश्न

नवी दिल्ली, १८ जुलै

ती. ताईस,
हनुमंतचा सा. न. वि. वि. पत्र पाहून दचकशील. पण हल्ली माझा फोन माझ्याआधी चार जण उचलतात.

वेल्ह्यातल्या आपल्या धनगरवाड्याच्या पुलाचा प्रश्न लोकसभेत आलाय. विचारणारा विरोधी पक्षाचा खासदार, आणि ३१ तारखेला उत्तर द्यायचंय मला. धरणाच्या पाण्यात होडी उलटून गेल्या वर्षी बिरूचा मुलगा सोनबा गेला, त्याचाही उल्लेख आहे. खात्याने लिहून दिलेलं उत्तर एका ओळीचं : वस्ती लहान, पूल विचाराधीन नाही. मोठ्या मंत्र्यांनी बजावलंय की याहून एक शब्द जास्त नको. उत्तरानंतरच्याच आठवड्यात मंत्रिमंडळात फेरबदल आहे. तेवढंच बोललो तर वाड्यावर तोंड दाखवता येणार नाही. जास्त बोललो तर राज्यमंत्रिपद गेलं.

वाड्यावरची माणसं आपली आहेत. त्यांना कुणीतरी फूस लावली असणार. कुणी, तेवढं शोध.

लोभ असू दे. सध्या दुसऱ्या कुणाचा भरवसा वाटत नाही.

तुझा,
हनुमंत


भोर, २५ जुलै

चि. हनुमंत यास अ. उ. आशीर्वाद. (राज्यमंत्र्यांना ते चालतात का, हे कुणाला विचारावं कळेना.)

संस्कृत शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण ‘विचाराधीन’सारखा घोटीव समास आणि आत इतकी रिकामी जागा क्वचितच पाहिली.

वाड्यावर जाऊन आले. वाऱ्यामुळे होडी बंद, म्हणून डोंगराने. गुडघे अजून तुझ्या नावाने ओरडताहेत. फूस लावणारा सापडला. तूच. पहिल्यांदा खासदार झालास तेव्हा बिरूच्या अंगणात बसून सांगितलं होतंस, की सभागृहात कुणी विचारल्याशिवाय मंत्री हलत नाही. मग दर अधिवेशनात तू विचारत राहिलास. तू मंत्री झालास आणि विचारणारं कुणी उरलं नाही. बिरूला वाटलं, तुझं त्यासाठीच अडलं असणार. म्हणून एसटीने जाऊन त्याने पलीकडचा खासदार गाठला. पक्षबिक्ष पाहिला नाही. तुला मदत करायला गेला होता रे.

बिरूला तुझी अडचण सांगितली. मग म्हणाला, उद्याच जाऊन प्रश्न मागं घ्यायला लावतो. सोनबाची आई, पारूबाई, चुलीपाशी होत्या, मागे त्याचा फोटो. मान वर न करता म्हणाल्या, “आमी जाऊ की डोंगरानं. आमचं जायाचं ते गेलं. पोराची खुर्ची जाया नको.”

पोर म्हणजे तू.

बिरूला मी थांबवलंय. काय बोलायचं ते तुझं तू ठरव. सल्ला द्यायला तुझ्याकडे सचिव आहेत.

लोभ आहेच, तो कुठल्याही उत्तरावर अवलंबून नाही. झोपेचं मात्र सांगता येत नाही.

तुझी,
ताई


नवी दिल्ली, ८ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

टीव्हीवर पाहिलं असशील. ती ओळ सभागृहापुढे ठेवली. त्या खासदाराने विचारलं, एवढंच? कागद खाली ठेवला. वारा, होडी, सोनबाचं नाव, सगळं सांगितलं आणि पूल बांधू असं आश्वासन दिलं. सभागृहात मंत्र्याने दिलेलं आश्वासन पुसता येत नाही. उद्या खुर्चीवर कुणीही बसलं तरी ते त्याच्या मानगुटीवर राहतं. आमच्या बाकांवर कुणी हललं नाही. मोठ्या मंत्र्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

काल फेरबदलाची यादी आली. माझं नाव नाही. आता मागच्या बाकावरून पुन्हा मीच विचारत राहणार, पूल कुठवर आला.

सोनबाच्या वर्षश्राद्धाला येतोय. तो गेला तेव्हा अधिवेशन म्हणून आलो नव्हतो. पारूबाई मला दारात उभं करतील का, विचारून ठेव.

लोभ वाढव असं लिहायला हात धजत नाही.

हनुमंत


भोर, १४ ऑगस्ट

माजी राज्यमंत्री चि. हनुमंत यास, आता निर्धास्तपणे, अ. उ. आशीर्वाद.

त्या दिवशी बिरू टीव्ही बघायला माझ्याकडेच आला होता. तुझ्या तोंडून सोनबाचं नाव आलं तसा उठून उभा राहिला, आणि तू खाली बसेपर्यंत बसला नाही. चहा तसाच निवला.

पारूबाईंना तुझं विचारणं सांगितलं. खुर्ची गेल्याचं ऐकून ‘येडं पोर’ म्हणाल्या. मी निघाले तशा पायवाटेपर्यंत पाठोपाठ आल्या.

वर्षश्राद्धाला मीही तुझ्याबरोबर येईन. एवढा लोभ पुरे, गुडघ्यांना अजून विचारलेलं नाही. बाकी उत्तर पारूबाईंचं, जसंच्या तसं :

“ये म्हनावं. पर व्हडीत बसू नगंस. डोंगरानं ये.”

ताई