अप्पांची शिंक

प्रिय बारक्या,

'प्रिय' लिहिलं ते हाताला सवय आहे म्हणून. नाहीतर सध्या तुझा विषय निघाला तरी मी तो बदलते. फोन केला की तू मीटिंगमध्ये आहे म्हणून कापतोस, म्हणून हे कागदावर. हा बंद करायचा तर फाडावा लागेल, तेवढे तरी कष्ट घे.

अप्पांचं शिवणकाम व्यवस्थित चाललंय, असं मी तुला मागे कळवलं होतं. कसलं व्यवस्थित! कापडाच्या कडा पक्क्या करायचं ते ओव्हरलॉकचं मशीन त्यांनी विकून टाकलं. मला म्हणाले, डोळ्यांना झेपत नाही. आता दुकानात धागे सुटलेले कपडे पडून असतात आणि शाळेतून शिकवून दमून आलेल्या तुझ्या बहिणीला गिऱ्हाइकं चार शब्द सुनावून जातात. आणि अप्पा कुठे, तर कपडे घालून बघायच्या खोलीचा पडदा ओढून आत, हातात मोबाइल.

परवा त्या पडद्यामागून शिंक आली. अप्पांचीच ती, आधी लांबलचक 'आऽऽ' आणि मग मांडणीवरून भांडी पडल्यासारखा धडाका. मी सवयीने ओरडले, रुमाल घ्या म्हणून. लगेच दुसरी आली, मग तिसरी, सगळ्या हुबेहूब एकसारख्या. माणूस असा शिंकतो का रे? पडदा सारला तर अप्पा शिंकतच नव्हते. मोबाइल शिंकत होता.

आठवतंय ना, ही शिंक कुठली ते? तू नोकरीविना घरी बसला होतास आणि मला शाळेची वेबसाइट करायची होती. अप्पांच्या कापड कापायच्या टेबलावर तो म्हातारा कॉम्प्युटर मांडून आपण दोघं शिकत होतो. कोरड्या धड्यांचा आपल्याला वीट आला, तेव्हा तूच म्हणालास, ताई, आपण खेळच बनवू, त्यातून आपोआप येईल. आधी विटा फोडायचा खेळ केला, मग आपला स्वतःचा, 'टणाटण बटण'. लाल बटण सुयांवरून उड्या मारतं, सुई लागली की मेलं. एचटीएमएलमध्ये मी पान उभं करायचे, रंगरूप मीच द्यायचे आणि जावास्क्रिप्ट लिहून बटणाला उडवायचास तू. खेळून बघायला अप्पा. ते वैतागायचे, अरे, सुई लागलीच नाही, मग मेलं कसं? लबाडी आहे ही! खरंच होतं त्यांचं. बटणाभोवतीची न दिसणारी चौकट आपण बटणापेक्षा मोठी आखली होती, तीच सुईला आधी लागायची. तू हट्टाने बसलास आणि ती चौकट बरोबर मापाची केलीस. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता! हरल्यावर वाजायला अप्पांची शिंक आपण गुपचूप टिपली. ती ऐकून ते इतके हसले की हातातला खडू पडला.

अप्पांच्या मोबाइलवर तुझ्या कंपनीचा खेळ चालू होता. तेच बटण, त्याच सुया. फक्त आता प्रत्येक उडीआधी पैसे लावायचे. मी माझ्या कॉम्प्युटरवर त्या खेळाचं पान उघडलं, राइट क्लिक केलं आणि आतला कोड वाचला. तूच शिकवलंस ना मला ते. आवाजाच्या फाइलचं नाव अजून 'अप्पांची शिंक'च आहे. शी! नाव बदलायचीसुद्धा लाज वाटली नाही तुला. आणि खाली ती चौकट. पुन्हा मोठी केलेली. बटण सुईपासून केसभर लांब असताना मरतं आणि खेळणाऱ्याला वाटतं, थोडक्यात हुकलं, अजून एकदा. तेव्हा ती चूक होती रे, आता तो तुमचा धंदा आहे. खरं सांगते, मी उठून साबणाने हात धुतले. त्या पानाचे रंगसुद्धा माझेच आहेत.

अप्पांच्या हातातून मोबाइल हिसकावणारच होते मी. पण ते म्हणाले, अगं, सुई न लागता मरतं ते मला पहिल्याच दिवशी कळलं. कळेना का! पोराने एवढ्या मोठ्या कामात बापाचा आवाज जपून ठेवलाय. फोन करायला त्याला वेळ नसतो, मग ही त्याची हाक समजायची. बारक्या, ते जिंकायला खेळतच नाहीत. बटण सरळ सुईवर नेऊन घालतात, शिंक लवकर वाजावी म्हणून. मशीन गेलं ते त्यात.

ती शिंक ऐकून लोक हसतात आणि पुन्हा पैसे लावतात, म्हणून तुम्ही ठेवलीय, हे मी त्यांना सांगू शकले असते. जीभ रेटली नाही. मोबाइल काढून घेतला, तर तुझी हाक मीच तोडली असं होईल. तू तिथे बसून ती फाइल गुपचूप पुसलीस, तर त्यांना वाटेल, पोरगा मला विसरला. म्हणून हे पत्र. तू ये. त्यांच्यासमोर बस, ती शिंक का ठेवली ते तुझ्या तोंडाने सांग, आणि मग त्यांच्यादेखत ती काढून टाक. दुकानात कापडाची धूळ अजून तेवढीच आहे, ते शिंकतीलच. तेव्हा रुमाल तू दे.

तुझीच, अजून तरी,
ताई