माझी चप्पल नांदेडला राहिली

सिद्धेश्वर, ता. औंढा
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

चि. ऐशूस,
आईचा जयभीम अन् लई लई माया.

इकडं आमी सगळे बरे हावोत. पाटाला पाणी सुटलंय, तुझे पप्पा दिवसरात कॅनॉलवरच. धाकल्या दिपाचा खोकला थांबला. शेळी व्याली, दोन पाटी झाल्या, दोनीबी पिल्लं काळीभोर. माझ्या तळपायाला फोड आलेत, पण ते मरू दे.

पत्र काहून लिहिलं म्हणशील. रविवारी तुझा हॉस्टेलातून फोन आला की पप्पा स्पीकरवर टाकतात. “टेस्टला किती पडले?” तू आकडा सांगतीस, अन् फोन बंद. त्यात आईनं बोलावं कवा?

परवा सखुबाई आलती. तिची प्रतिक्षा औंदा दहावीला. म्हणे, “पद्माबाई, तुमची ऐश्वर्या डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी दोन साल झाले नांदेडला हाय, तुमाला सगळं माहीत. पोरीला आतापासूनच क्लास लावावा लागतो का? घरी अभ्यास करून भागत न्हाई?” मागच्या साली मी ठणकावून सांगितलं असतं, लावाच बाई, न्हाई तर लेकरू मागं पडतं. लई शहाणपण होतं माझ्याकडं तवा. ह्या वेळी ऐशूला इचारून सांगते म्हणलं अन् चहा ठेवायला उठले.

तुला इचारायच्या आधी मला एक सांगायचंय. सोमवारी मी नांदेडला आलते.

पप्पाला सांगितलं, माहेरी चालले. दिवाळीला तू आलतीस तवा कंगव्यात तुझ्या केसांचा गुंताच गुंता निघायचा, ते डोळ्याम्होरून हालत नव्हतं. म्हणलं, लेकराला डोळं भरून पाहावं, तीळगुळाच्या पोळ्या द्याव्या. तुझ्या क्लाससमोर रसवंतीपाशी उभी ऱ्हायले. तू आलीस. मी हाक मारणार, तेवढ्यात बाकीची पोरं आत गेली अन् तू दारातूनच मागं फिरलीस.

वाटलं, काही इसरली आसंल. मी आपली मागं मागं, चोरावाणी. तू सरळ गुरुद्वाऱ्यात गेलीस. लोकांच्या चपला ठेवून घेतात त्या जोडाघराच्या खिडकीमागं गेलीस, डोक्याला रुमाल बांधलास अन् लागलीस कामाला. तुला तिथं सगळे वळखत होते.

राग आला, ऐशू. खोटं काहून लिहू? तिथंच एक मुस्काटात ठेवून द्यावी असा राग आला. माझ्या बापानं मला सातवीतून काढलं तवा शाळेच्या भिंतीला धरून रडले होते मी. लेकीच्या शिक्षणाला न्हाई म्हणणारी बाई मी कधी व्हणार न्हाई, हे तुला माहीत. अन् माझीच पोरगी क्लास सोडून लोकांचे जोडे ठेवून राहिली!

भांडायला म्हणूनच गर्दीतून खिडकीशी आले. चप्पल काढून पुढं केली. तू वर पाह्यलंच न्हाई. हिरव्या दोऱ्यानं शिवलेला अंगठाबी वळखला न्हाईस. फडक्यानं धूळ पुसलीस, माझ्या हातात चपलेच्या नंबराचा बिल्ला ठेवलास, अन् शेजारची म्हातारी सरदारीण काही तरी बोलली त्यावर हसलीस. पार दात दिसेपर्यंत. दोन सालात मी तुला तशी हसलेली पाह्यली न्हाई.

माझा राग कुठं गेला, मलाच कळलं न्हाई. पदर तोंडावर ओढला अन् बाहेर पडले. चप्पल मागायची तर तुझ्यासमोर उभं ऱ्हावं लागलं असतं. तेवढी हिंमत झाली न्हाई. अनवाणीच स्टँडवर आले. पोळ्या गाडीत बाजूच्या लेकरायला देऊन टाकल्या. पप्पाला म्हणलं, बसमधी चप्पल चोरीला गेली. म्हंजी खोटं बोलणाऱ्या आता आपण दोघी झालो.

रडू नको. मी सुदिक रडले, पण भांडे घासताना, म्हणजे कुणाला दिसत न्हाई.

परीक्षा द्यायची का न्हाई, ते मी ठरवणार न्हाई. द्यायची असंल तर सरळ अभ्यासाला बस. द्यायची नसंल तर दुसरं शीक, शिकायला काय एकच रस्ता हाय का? पण लपून राहू नको. घरी ये अन् तोंडानं सांग. पप्पा वरडतील. पार धरणाच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असे वरडतील. वरडू दे, मी हाय ना मधी.

सखुबाईला मी तवर काहीच सांगत न्हाई. ती रोज दारावरून जाताना माझ्या तोंडाकडं पाहते. तिच्या पोरीनं काय करावं, ते तूच येऊन तिला सांग. मला आता काही माहीत न्हाई.

बिल्ला ह्याच पाकिटात टाकलाय. येताना माझी चप्पल सोडवून आण. तू येईपर्यंत मी दुसरी घेणार न्हाई.

तुझी वाट पाहणारी, अनवाणी,
आई