तोंडी माहिती ग्राह्य धरली जाणार नाही

मंगळवार, १ जुलै २०१४. सकाळी ८.
काल रिटायर झालो. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेब भाषणात म्हणाले, पारगावकरांनी चौतीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली, एक फाइल हरवली नाही. (एक हरवली होती. ती माझ्या आधीच्या माणसाची.) टाळ्या झाल्या. काही वाटलं नाही.
आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. आज पावणेआठला उठलो, पण आज पहिला दिवस. फिरणे. चहा दोनच वेळा. आईकडे लक्ष देणे. आई ब्याऐंशी वर्षांची आहे आणि महिनाभर नीट जेवत नाही.

शुक्रवार, ४ जुलै.
फिरणं सोमवारपासून. आमच्या शहागंजात सध्या रमजानची गर्दी आहे, चालायला जागा नाही.
डॉक्टर येऊन गेले. आईचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. म्हणाले, शरीरात काही नाही, जेवायची इच्छाच गेली आहे, हे असंच चाललं तर दोन महिने काढणं कठीण. त्यांना कुणाला भेटावंसं वाटतं का विचारा.
विचारलं. आईनं छताकडे पाहिलं. मग म्हणाली, दमी.
दमी म्हणजे दमयंती, माझी धाकटी बहीण. १९८८ साली एसटीत नोकरी करणाऱ्या एका मुलाशी लग्न करून गेली. जातीबाहेर. या घरात तिचं नाव निघणार नाही, असं मी त्याच दिवशी सांगितलं होतं. सव्वीस वर्षं निघालं नाही. याला शिस्त म्हणतात. आज आईनं काढलं. आजारी माणूस म्हणून सूट दिली.
मी आईला म्हणालो, शोधून काढतो. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, अहो, मी काय म्हणते, दमाताई तर... मी तिथंच थांबवलं. सूट फक्त आईला आहे.

सोमवार, ७ जुलै. सकाळी ९.
प्लॅन तयार. अख्ख्या राज्याची मतदार यादी आता कॉम्प्युटरवर दिसते. जिल्हे पस्तीस. रोज पाच. सात दिवसांत महाराष्ट्र संपतो. आठव्या दिवशी दमी आईच्या कॉटशेजारी.
एक बारीक अडचण. आडनाव माहीत नाही. लग्नाची पत्रिका मी न वाचता फाडली होती. तेव्हा ते बरोबरच होतं. आता नावावर आणि वयावर शोधावं लागेल. दमयंती, वय बावन्न. असं नाव हल्ली कोण ठेवतं? दहा-पंधरा निघतील.
औरंगाबाद जिल्हा गाळला. इथं असती तर सव्वीस वर्षांत एकदा तरी दिसली असती. लाजेनं लांब गेली असणार. मुंबई नाहीतर नागपूर.
सकाळी साडेनऊला निघायचं, संध्याकाळी पाचला परत. ऑफिसची वेळच ठेवली. शरीराला सवय आहे.

सोमवार, ७ जुलै. संध्याकाळी.
सिटी चौकातल्या नेट कॅफेत बसलो. एकट्या अकोल्यात दमयंती बेचाळीस.
त्यात वय जुळणाऱ्या चार. एकीच्या बूथचं गाव शोधून तिथल्या ग्रामपंचायतीत फोन लावला. पलीकडचा म्हणाला, त्या बाईला भाऊच नाही. मी म्हणालो, खात्री करा. त्यानं फोन ठेवला.
घरी आलो तर आईनं पाव पोळी खाल्लेली. मी शोधतोय, एवढ्या बातमीनंच फरक पडला.

गुरुवार, १० जुलै.
पाच नाही, दिवसाला एकच जिल्हा होतोय. प्लॅन सुधारला: पस्तीस दिवस. घाई केली की रेकॉर्डमध्ये चुका होतात.
आई आज अर्धी पोळी आणि वरण. केसांना तेल लावून वेणी घातलेली. बायकोला म्हणालो, बरं केलंस. ती म्हणाली, हं.

रविवार, १३ जुलै.
कॅफे बंद. दिवसभर घरी. आईजवळ खुर्ची टाकून बसलो, बीडपर्यंत काय काय झालं ते तिला सांगितलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं. दुपारी दोन चमचे भात, संध्याकाळी काही नाही. बायकोनं चमचा धरला, मी धरला, तोंड उघडलं नाही.
सकाळपासून आईनं तीनदा विचारलं, तू आज गेला नाहीस? केवढी ओढ लागलीय म्हातारीला. मुलगी सापडेपर्यंत तिला चैन पडणार नाही. उद्या लवकर निघतो.

बुधवार, १६ जुलै.
बायकोनं आज डबा भरून दिला. नोकरीत असताना मी कँटीनमध्ये खायचो, तेव्हा कधी डब्याचं विचारलं नाही. रिटायर झाल्यावर माणसाची किंमत कळते.
डब्यात ज्वारीची भाकरी. पातळ, पापुद्रा सुटलेली. हिला पस्तीस वर्षांत भाकरी थापता आली नाही, आणि आता ही अशी. विचारलं तर म्हणाली, शिकले. या वयात. कौतुक केलं.
आई एक पोळी.

मंगळवार, २२ जुलै.
खालचे किराणा दुकानदार बद्रीनाथ यांनी जिन्यात अडवलं. म्हणाले, साहेब, एक बोलायचं व्हतं, तुम्ही गेले की रोज एक बाई... मी हात वर केला. म्हणालो, बद्रीनाथ, कामवालीबद्दल असेल तर हिला सांगा. ते म्हणाले, कामवालीचं नाय हो, तुम्ही म्हणं कुणाला हुडकायलेत, तर मी म्हणलं...
मी स्पष्ट सांगितलं. चौतीस वर्षं एक नियम पाळला: तोंडी माहिती ग्राह्य धरली जाणार नाही. असेल तर लेखी द्या, खाली सही करा. त्यांनी जिन्याची वाट मोकळी केली. मग म्हणाले, जाऊ द्या साहेब, तुम्ही निघा, तुम्हाला उशीर व्हायलाय.
भला माणूस आहे. माझ्या वेळेची काळजी करतो.
जळगाव झाला. दमयंती एकशे अकरा.

शनिवार, २६ जुलै.
कॅफेवाल्याच्या घरी लग्न, दुकान बंद. चौथा शनिवार, सरकारी कचेऱ्याही बंद. म्हणून घरी बसून याद्या तपासल्या. बायको चिडचिडी होती. सकाळी दहाला जिन्यात जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलली. आज नका म्हणाली. गॅसवाल्याशी असावं.
आई काहीच नाही. पाणीसुद्धा जबरदस्तीनं.
भीती वाटली, हे लिहून ठेवतो. तिच्या मनगटाला हात लावला तर बांगडी कोपरापर्यंत सरकली. दमी सापडायलाच हवी. वेळ फार नाही.

शुक्रवार, १ ऑगस्ट.
आजपासून सरकारनं पालघर नावाचा नवा जिल्हा केला. छत्तीस झाले. मी नाशिकला पोचलो होतो. नेमकं आत्ताच माझं काम वाढवायची एवढी घाई कुणाला होती कळत नाही.
फिरणं अजून सुरू झालेलं नाही. चहा पाच वेळा होतो.

मंगळवार, ५ ऑगस्ट.
मतदार यादी सोडली. सासरी नाव बदललं असेल तर सगळीच मेहनत पाण्यात. हे आधी सुचलं होतं, पण लिहून ठेवलं नव्हतं.
नवी पद्धत. कलेक्टर ऑफिसात रीतसर अर्ज: बहीण सव्वीस वर्षांपासून संपर्कात नाही, शोध घेण्यास मदत व्हावी. अर्ज उत्तम झाला. टेबलावरच्या मुलीनं वाचून विचारलं, काका, घरात कुणाला विचारलं का? मी अर्ज तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, वंशावळ जोडा आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला. घरचा दाखला लॅमिनेट केलेला आहे, तो चालत नाही. नवा उतारा काढायचा.
योग्य मागणी आहे. मीही हेच मागितलं असतं.

गुरुवार, ७ ऑगस्ट. संध्याकाळी.
क्रमानं लिहितो.
सकाळी जन्म-मृत्यू नोंदणीला गेलो. तिथला क्लार्क सांडू माझ्या ओळखीचा. २००३ सालचं रजिस्टर त्यानं स्वतः काढून आणलं. वडील, म्हणजे तात्यासाहेब, गेले तेव्हा मी लातूरला ट्रेनिंगला होतो. पोचलो तोवर सगळी तयारी झाली होती, मी फक्त अग्नी दिला. नोंद कुणी केली ते विचारलं नव्हतं.
सांडूनं बोट ठेवून वाचलं. मुकुंद रामचंद्र पारगावकर. वय चौऱ्याहत्तर. पुढच्या रकान्यात, माहिती देणाऱ्याचं नाव: दमयंती पुंजाराम गाडेकर. नातं: मुलगी. पत्ता: पडेगाव, औरंगाबाद. खाली सही. दमीचा द मी ओळखतो, मीच तिला पाटीवर गिरवायला लावला होता.
सांडू म्हणाला, साहेब, तुम्हाला बहीण हाय व्हय, कधी बोलले नाय. मी म्हणालो, उतारा दे.
तात्यासाहेबांनी शेवटपर्यंत तिचं नाव काढलं नाही, असं मी अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आलो. लोक ऐकून घेत होते. हीसुद्धा.
कागद लेखी होता. सही होती. नाकारता येईना. रिक्षा करून पडेगावला गेलो.
घर सापडायला दहा मिनिटं लागली. दारात तुळस, दाराला कुलूप. शेजारच्या भागूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी म्हणालो, मतदार यादीचं काम आहे. त्या म्हणाल्या, गाडेकरीन दिवसा कुठं गावायची? साडेदहालाच जाती शहागंजला, आईकडं. आई लई आजारी हाय. भाऊ घराबाहेर पडला की वहिनी फोन करती, मग ही निघती. भाकरी घेऊन जाती, न्हाऊ घालती, घास भरवती, पाचच्या आत परत.
मी विचारलं, आधीपासून? त्या म्हणाल्या, आधी महिन्यातून एखांदा फेरा. भाऊ हाफिसात असला की. पर आता रिटायर झाला तर ही रडत व्हती, म्हणं आता कसं जायाचं, आता तो घरीच बसंल. पर देवच पावला बघा. रोज कुठंतरी जायला लागला, काय की हुडकतोय म्हणं.
मी विचारलं, भाऊ कसा माणूस आहे. त्या म्हणाल्या, आपण कुठं बघितलाय. ती काय वाईट बोलत नाय त्याला. दादा आहे, म्हणती.
मग त्यांनी पाणी दिलं. प्यालो.
घरी पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. खालून पाहिलं. आमच्या खिडकीत एक बाई आईची साडी वाळत घालत होती. केस बरेच पांढरे झालेत. उंची आईची. तिनं खाली पाहिलं नाही.
जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वर जावंसं वाटलं. खूप वाटलं. पण मी वर गेलो असतो तर ती उठली असती आणि आईचं जेवण राहिलं असतं. का राहिलं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नाही. ते मीच करून ठेवलंय.
बद्रीनाथांनी दुकानातून पाहिलं. स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो नाही. पाचपर्यंत बाजारात फिरलो. अशा रीतीनं फिरणं सुरू झालं.
घरी आल्यावर बायकोनं विचारलं, लागला का काही पत्ता? मी म्हणालो, अजून नाही. मोठं राज्य आहे.
आई दीड पोळी जेवली होती.

शुक्रवार, ८ ऑगस्ट.
साडेनऊला निघालो. बॅगेत याद्या घेतल्या. सेंट्रल बस स्टँडवर बसून राहिलो. पैठणची गाडी सहा वेळा लागली, सहा वेळा सुटली. डब्यातली भाकरी खाल्ली. सगळी.
आई एक पोळी, वरण, थोडं दूध.

रविवार, १० ऑगस्ट.
सकाळी साडेनऊला बॅग घेऊन तयार झालो. बायको म्हणाली, अहो, आज रविवार, त्यात राखी पौर्णिमा. आज कुठलं ऑफिस उघडं असणार?
मी म्हणालो, एक आहे. माझ्यासाठी खास उघडणार आहेत. पुणे, रायगड, रत्नागिरी बाकी आहेत, दिवस मोडून चालणार नाही.
हातातला फोन तिनं पदराआड धरला होता. आई आतून म्हणाली, गेला का गं तो?
मी चपला घातल्या. बायको जिन्यापर्यंत आली. डब्याची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आज सातपर्यंत आलात तरी चालेल.
साडेसातला आलो.