चौथ्या खोलीची अर्धी ओळ

सोमवार, ४ मार्च

साहेबांनी माझा कोड तपासायला एक पोरगी आणली! कोडचं वय पंचवीस, तपासणारीचं वयही तेवढंच. हातात पदवी, गळ्यात ओळखपत्र, तोंडात "काका". मी तिचा काका नाही. मी तिचं नाव पदवी ठेवलंय.

कारण – चौकशी. गेल्या महिन्यात शीतगृहातल्या सातव्या खोलीचं तापमान दुपारभर चढत गेलं आणि औषधांचा सगळा साठा फुकट गेला. पाळीवर होता माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. दर दोन तासांनी बारा खोल्यांचं तापमान बघायचं आणि टाइप करायचं, एवढंच त्याचं काम. फाइलमध्ये दुपारी दोनची फेरी पूर्ण आहे. चारच्या फेरीत तीन खोल्या, आणि चौथीची अर्धी ओळ. मग एकदम संध्याकाळी आठ, पुढच्या पाळीच्या माणसाच्या हातची फेरी. मधे काही नाही. जागा सोडून गेला, दुसरं काय!

तो म्हणतो, सगळ्या नोंदी केल्या, सातवीचा चढता आकडासुद्धा, आणि दर वेळी स्क्रीनवर "नोंद झाली" असं आलं. आता "नोंद झाली" हे प्रोग्राम म्हणतो, आणि प्रोग्राम माझा आहे. मग खोटं कोण बोलतंय?

पुढच्या आठवड्यात मंगळवारी चौकशी. मी लेखी देऊन बसलोय – या प्रोग्रामात नोंद हरवणं अशक्य. माझ्या त्या एका वाक्यावर त्याची नोकरी जाईल. जाऊ दे. लागला माझ्या शिफारशीवर, नाक कापलं माझंच.

मंगळवार, ५ मार्च

पदवीचा पहिला प्रश्न : सरळ एफगेट्स, एफपुट्स का वापरली नाहीत? मधे हे स्वतःचं काय घुसवलंय?

घुसवलंय! बाई, सी भाषेतली ही वाचायची-लिहायची फंक्शन्स म्हणजे मुखदुर्बळ माणसं. बिघाड झाला तर बोंब मारत नाहीत. हळूच एक आकडा परत करतात. तो बघायचा की नाही, ही तुमची मर्जी. आणि माणसाची जात आळशी. म्हणून मी एकेका फंक्शनला रॅपर घातलं. नाव तेच, फक्त पहिलं अक्षर मोठं. आत मूळ फंक्शन, लगेच आकड्याची झडती, चुकलं की निरोप देऊन प्रोग्राम जागच्या जागी बंद. कोणीही काहीही विसरो, रॅपर विसरत नाही. हे मला कोणत्या कॉलेजात शिकवलं नाही. पाठपुठ्ठा नसलेलं एक पुस्तक आणि दिवसभराची नोकरी करून उरलेलं डोकं, एवढ्यावर शिकलो.

एवढं सांगितल्यावर म्हणाली, "छान आहे, काका." लहान पोराने काढलेल्या हत्तीकडे बघून म्हणतात ना, तसं!

बुधवार, ६ मार्च

घरी आलो तर मेव्हणा बसलेला. मला बघून उठून उभा राहिला. पायात चपला घालेपर्यंत "येतो, दाजी" एवढंच. एरवी हा प्राणी दारातून आत येतानाच विनोद सांगतो आणि स्वतःच हसतो. पाळीवर दहा मिनिटं उशिरा, जेवायला दहा मिनिटं लवकर. असल्या माणसाला कामावर घ्या म्हणून मी तोंड वेंगाडलं होतं!

तो गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, एकदा त्यालाच विचारा ना काय झालं ते." मी म्हटलं, विचारायचं काय, फाइल बोलतेय.

"फाइलला बहीण नसते," म्हणाली, आणि भांडी घासायला गेली. घासण्याचा आवाज शेजारच्या इमारतीत गेला असेल.

गुरुवार, ७ मार्च

कोडच्या ओळी आत सरकवायला मी स्पेस देतो, त्या पदवीला खटकतात. टॅब हवेत म्हणे. देव तिचं भलं करो, आणि दुसऱ्या ऑफिसात करो.

शुक्रवार, ८ मार्च

आज चहाच्या वेळी सगळ्यांदेखत विचारलंन, "काका, तुमचा प्रोग्राम एंटर दाबल्याशिवाय ओळ घेतच नाही. घेतली की पुरी लिहितो. मग फाइलमध्ये अर्धी ओळ आली कुठून?"

मी म्हटलं, लाइट गेली असेल. ती म्हणाली, त्या दिवशी गेली नव्हती, मी विचारलं. मी म्हटलं, मग पदवीच्या पुस्तकात बघा, तिथे लिहिलं असेल. दोघंतिघं हसले. ती हसली नाही, चिडलीही नाही. कप धुतला, जागेवर ठेवला आणि गेली.

प्रश्न बरोबर आहे. हाच राग येतो. महिनाभर मी ती अर्धी ओळ "उठून गेला" म्हणून सगळ्यांना दाखवत फिरतोय. टाइप करता करता उठला असता तर अर्धीही आली नसती. काहीच आलं नसतं. हे मला दिसायला हवं होतं. मला!

शनिवार, ९ मार्च

फाइलच्या सुरुवातीपासून त्या अर्ध्या ओळीच्या शेवटापर्यंत अक्षरं मोजली. छत्तीस हजार आठशे चौसष्ट. दोनदा मोजली.

नऊ गुणिले चार हजार शहाण्णव. बरोब्बर.

डिस्क फाइलला जागा देते ती चार हजार शहाण्णवच्या तुकड्यांत. नववा तुकडा संपला, दहावा मिळालाच नाही. म्हणजे ओळ माणसाने तोडलेली नाही. डिस्क भरली होती.

शीतगृहाच्या ऑफिसातल्या कारकुनाला गाठलं. त्या दुपारी काही झालं होतं का? झालं होतं की, म्हणाला. कोणीतरी कॅमेऱ्यांचं सगळं चित्रण त्याच डिस्कवर ओतून ठेवलेलं, त्याचं पत्रसुद्धा सेव्ह होईना. सातच्या सुमारास त्यानेच ते उडवलं, मग सगळं सुरळीत. मी म्हटलं, महिनाभर बोलला का नाहीस? तर म्हणे, "मला कुठे कोणी विचारलं?"

पण माझं एफपुट्सचं रॅपर? त्याने का नाही ओरडायचं? खुर्चीत बसल्यावर डोक्यात उजेड पडला. एफपुट्स ओळ नेऊन ठेवतं मेमरीत. तिथे जागा असते, ते खूश. डिस्कवर खरी जाते ती दर ओळीनंतर फाइल बंद करताना. म्हणजे नकार मिळणार तो एफक्लोजला.

माझं एफक्लोजचं रॅपर उघडलं. आत मूळ फंक्शन, आणि बस. तपासणी नाही. वर माझ्याच हातची टीप : बंद करताना काय चुकणार?

एक छोटी डिस्क गच्च भरली, प्रोग्राम चालवला, आकडा टाइप केला. फाइलमध्ये काही नाही. स्क्रीनवर – नोंद झाली. आठ वेळा केलं. आठही वेळा नोंद झाली.

रविवार, १० मार्च

बायको भावाकडे गेली. मला "येता का" असं विचारलं नाही.

दिवसभर स्वतःशी वाद. पंचवीस वर्षांत एक चूक. एकच! बाकी कोणाचा कोड एवढा टिकलाय? आणि मेव्हणा काही धुतल्या तांदळासारखा नाही. त्या दिवशी नोंदी केल्या असतील, पण एरवी शंभरदा कामं टाळली असतील. नोकरी गेली तर दुसरी बघेल, वय आहे. माझं जाईल ते परत येणारं नाही. उद्यापासून पदवी मला शिकवायला बसेल, "काका, परत आलेला आकडा बघायचा असतो."

सोमवार, ११ मार्च

दुरुस्त केलं. दोन ओळींचं काम. टीप खोडली. कोणाला कळायचं कारण नाही.

पदवीने विचारलं, अर्ध्या ओळीचं काही सापडलं का? मी नाही म्हटलं. "मीपण शोधतेय," म्हणाली, "उद्यापर्यंत मिळेलसं वाटत नाही." तिने एफपुट्स उलटंपालटं करून पाहिलंय. एफक्लोज उघडलंच नाही. तिलाही वाटत असणार, बंद करताना काय चुकणार. बरं वाटायला हवं होतं मला.

मंगळवार, १२ मार्च

चौकशी सुरू व्हायच्या आधीच मेव्हण्याने साहेबांपुढे एक कागद ठेवला. साहेबांनी तो मोठ्याने वाचला. "मला नोंदी केल्याचं आठवतं. पण दाजींचा प्रोग्राम चुकलेला मी आजवर पाहिला नाही. तेव्हा माझंच आठवणं चुकत असणार. मी जागा सोडली असेन." खाली सही, वळणदार.

साहेब म्हणाले, चला, प्रश्न मिटला. सगळे खुर्च्या मागे सारायला लागले. तो माझ्याकडे बघून ओशाळं हसला, मला त्रास दिल्यासारखा.

"तो कागद परत द्या त्याला," मी म्हणालो. "आणि सगळे बसा. मला एक चूक सांगायचीय."