बांबूच्या बेटातली उंची

माण, ता. मुळशी
१० फेब्रुवारी २०२५

श्री. निरंजन यांस,

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. त्या वेळी तुमच्या माणसांनी आमचा वाहता ओढा नकाशावरून पुसून टाकला. तुमची तब्येत बरी असेल. माझी आहे.

विमानातून लेझरने मोजलेल्या उंचीची खातरजमा करायला ते आले होते. बारा ठिकाणी उपकरण उभं केलं. अकरा डांबरी रस्त्यावर, एक देवळाच्या फरशीवर. बांबूच्या बेटात शिरा म्हटलं, तर "मॅडम, आत सिग्नल नाही." चहा पिऊन गेले. अहवालात चूक फक्त पाच सेंटिमीटर, आणि खाली सल्लागार म्हणून तुमची सही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये न वाचता सही केली की सिस्टर छडी देत.

त्या दाट बांबूतून लेझर जमिनीपर्यंत पोचलाच नाही. नकाशाने पाल्यालाच जमीन मानलं. मी उंची मोजायचं जुनं लेव्हलचं यंत्र काढलं, घरमालकीण साळूबाईंनी आकड्यांची पट्टी धरली. ओढ्याचा तळ नकाशापेक्षा सव्वादोन मीटर खाली आहे. शेजारचा बिल्डर तुमचा नकाशा दाखवून तो बुजवायला निघालाय. साळूबाई म्हणाल्या, "कागदावर वढा न्हाई, मग दर साली माज्या चुलीपातुर येतंय ते काय, बाई?" ओढा बुजला तर ते पाणी चुलीपाशी थांबणार नाही.

हे तुम्ही-तुम्ही मला जमत नाही, निरंजन. चौऱ्याऐंशी साली आपण मोजणी खात्यात नवे होतो, तेव्हा याच बेटात तू पट्टी धरून उभा होतास. "वाच ना गं, मुंग्या चावतायत!" मी मुद्दाम दोनदा वाचलं. संध्याकाळी हिशेबात नऊ मिलिमीटर जुळेनात, तर दुसऱ्या दिवशी मोजणीची अख्खी रेघ पुन्हा चालायला लावलीस. मी शिव्या घातल्या, पण येताना आपण फार सावकाश आलो. रस्त्यावर तेव्हा एक दिवा नव्हता.

तो माणूस न बघता सही करतो? वय झालं म्हणू नकोस. माझंही झालंय, मी बांबूत शिरले.

तुझी नागपूरला बदली झाली तेव्हा मी एक पत्र टाकलं होतं. त्याचा जाब विचारत नाहीये. त्यात मुदत घातली नव्हती, ती चूक माझी.

या वेळी घालते. नकाशावरच्या हरकती ३ मार्चला बंद होतात. शुक्रवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत 'बांबूतली उंची पडताळलेली नाही, अहवाल मागे घेतो' असं लेखी उत्तर हवं. फोन करू नकोस. मला तुझ्या हातचा कागद हवाय.

चंद्रकला