शेठजींचा ताबा

मी, अखिल रिखबचंद छाजेड, वय ५३, धंदा कापड, राहणार जळगाव, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. याबद्दल घरात दुमत असल्याने डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दडपण कोणाचे नाही, धास्ती आहे. परवा गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचे काही नाही, असे डॉक्टरांनी तीनदा सांगितले. म्हणून हे मृत्युपत्र.

१. राहते घर आई सायरबाई हिच्याच नावावर आहे, तेथे मला वाटण्यासारखे काही नाही. घरात आम्ही तिला बाई म्हणतो.

२. दुकानातला माझा हिस्सा पुतण्या अर्हम, राहणार धुळे, यास. त्याबरोबर समोरच्या दुकानदाराने आमच्या पायरीपुढे बोर्ड लावला त्याचा राग. चौदा वर्षे जपला आहे, तो याच्या काळात थंड होऊ नये.

३. आता मुद्दा. वरच्या खोलीत एक सरडा आहे. लग्न केले नाही, कुत्रा पाळला नाही, एकदम सरडाच. नाव शेठजी, कारण एक डोळा गिऱ्हाइकावर आणि त्याच वेळी दुसरा गल्ल्यावर ठेवता येतो. रंग बदलण्यावरून पुढाऱ्यांचा विनोद कृपया कोणी सांगू नये. शेठजी रंगाने काहीच लपवत नाहीत. थंडी, भीती, राग, सगळे अंगावर दाखवतात. आमच्या नात्यागोत्यात असे दुसरे कोणी नाही.

निवड सोपी नव्हती. यावलच्या बसस्टँडवर एकाने सातपुड्यात पकडलेला पिशवीतून दाखवला, जवळजवळ फुकट. माझा हात पुढे झाला होता. बरोबर आमच्या दुकानात कापड मोजणारे, भडगावचे धनसिंग होते. म्हणाले, "भाऊ, तो जंगलना शे. तेले तठेच ऱ्हाऊ द्या. नही ते तुम्ही जेलमा जाशात नि तो मरी जाई." दोन्ही खरे होते. मग पुण्याहून येमेनच्या जातीचा, पिंजऱ्यातच जन्मलेला, कागदपत्रांसकट आणला. तीन दाखवले. एकाचे डोळे खोल गेलेले, दुसऱ्याचे पुढचे पाय वाकडे. तिसऱ्याने माझ्यावर तोंड फाडले, पण फांदी सोडली नाही. तोच घेतला.

४. घर. काच नको, जाळीच. छातीइतका उंच पिंजरा, कारण त्यांना पसरायचे नसते, चढायचे असते. आत जास्वंदीची कुंडी, बोटाएवढ्या आडव्या फांद्या. अतिनील किरणांची नळी दिवसाचे बारा तास. उबेचा दिवा हिवाळ्यातच. मे महिन्यात जळगावात दिवा लावणाऱ्यास वारसांतून वगळावे. वाटीतले पाणी त्यांना दिसत नाही, पानावरचा थेंब पितात. हातात घेऊ नये. जेवण जिवंत रातकिड्यांचे, वर कॅल्शियमची भुकटी.

(इथे उठून तापमापक पाहून आलो. एकोणतीस. ठीक.)

५. घोळ जेवणाचा आहे. आमचे घर जैनांचे. बाई मुंगीलाही वळसा घालते. पर्युषणात मी तपासण्यांसाठी नाशिकला होतो. तिने रातकिड्यांचा डबा दुकानाच्या माळ्यावर नेऊन उघडला. अभयदान. दोनशे जीव सुटले, मलमलीच्या सहा ताग्यांची चाळणी झाली. आठ दिवसांनी आलो तर शेठजी कोळशासारखे काळे आणि बाई पिंजऱ्यापुढे बसलेली.

"पारण्याला मुगाचं पाणी ठेवलं, तर तोंड लावत नाही."

"बाई, त्याचा उपास नव्हता!"

"मला काय माहीत? घरात सगळेच करतात. म्हटलं, तोही आठ दिवसांची अठ्ठाई करतोय."

मग तिने पिंजऱ्यासमोर हात जोडून क्षमा मागितली. शेठजींची की पुढच्या डब्यातल्या किड्यांची, ते स्पष्ट नाही.

६. म्हणून शेठजी अर्हम यास. धुळ्यात त्याचे रंगाचे दुकान आहे. आत्ताच फोन केला.

"काका, टेन्शनच नका घेऊ. काउंटरवर काचेची पेटी बनवतो, आत लाइटिंग. मागे शेडकार्ड!"

"अरे, काचेत त्याला स्वतःचंच तोंड दिसेल. दिवसभर भांडत बसेल."

"मग तर रंग जास्त येतील ना!"

कलम ६ खोडले. अ. रि. छा.

७. शेठजी धनसिंग यांस. ते समोरच बसले आहेत. म्हणतात, "भाऊ, मना घरमा मांजर शे."

कलम ७ खोडले. अ. रि. छा.

८. सकाळपासून चार वेळा वर जाऊन आलो. या जागी कोणाचे नाव लिहावे ते सुचत नाही. दुकान माझ्याशिवाय चालेल, आजही चालते. शेठजी चार दिवस चालायचे नाहीत. शस्त्रक्रियाच पुढे ढकलावी काय, असा विचार करीत होतो, तर साक्षीदार म्हणून सहीला बसलेल्या बाईने जपमाळ थांबवली.

"लिही, माझ्याकडे."

"आणि रातकिडे?"

"डबा मी उघडीन, जाळी मी उघडीन. मग तोंड फिरवीन. पाप लागायचं ते मला लागू दे. तुझ्या नावावर नको, तू आत्ता..."

"पाणी थेंबाथेंबाने द्यावं लागतं, बाई."

"तुला काय वाटलं, रोज सकाळी ती पानं आपोआप ओली होतात? गाळून घेते आधी."

सबब शेठजी, पिंजरा, कुंडी, नळी व डबा हे सर्व सायरबाई रिखबचंद छाजेड, वय ७८, यांस विनाअट देत आहे. अर्हमने किडे वेळेवर आणून द्यावेत. काच आणू नये.

लिहून देणार: अखिल रिखबचंद छाजेड (सही)

साक्षीदार:
१. धनसिंग अभिमन पाटील (सही)
२. ~~सायरबाई रिखबचंद छाजेड~~ (नाव खोडले. जिला काही मिळते तिने साक्ष देऊ नये, असे वकील सांगतात. "मग मी इथे बसून काय करू?" म्हणून बाई वर गेली. फवाऱ्याचा आवाज येत आहे.)
कुंदाबाई झुलाल महाजन, शेजारीण (सही)

जळगाव, मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५