दाजींचे तीन तास

ती. सुप्रभाताई,

तुला इथूनच वाकून नमस्कार. गुडघ्यांना तिळाचं तेल लावतेस ना? साउथहॅम्प्टनला थंडी आहे, पण देवाच्या कृपेने आम्ही बरे आहोत. तुझे यजमान, म्हणजे आमच्याकडे राहायला आलेले आमचे दाजी, तेही खुशाल आहेत. (फक्त माझ्याशी बोलत नाहीत. चार दिवस झाले.)

झालं असं. आपल्या गावात सकाळी कुणाच्याही कुंपणातली फुलं देवासाठी घेतली, तर त्याला कोणी चोरी म्हणत नाही. दाजींनी सोमवारी तोच रिवाज शेजारच्या ब्रेंडाबाईंच्या बागेत चालवला. गुलाब त्यांच्या दिवंगत नवऱ्याने, फ्रँकने लावलेले. मी गणवेश घालून बंदरावर निघालो होतो. बाई दारातून ओरडल्या, "शशी, अरेस्ट हिम!"

माझी नोकरी तुला ठाऊक आहे. मी लंडनच्या सरकारचा, सीमेवरचा अधिकारी. चोऱ्यामाऱ्या बघणारे पोलीस इथल्या परगण्याचे. त्यांना हवा असलेला माणूस बंदरात सापडला, तर त्यांचा शिपाई येईपर्यंत मी त्याला तीन तास थांबवून ठेवू शकतो. (दाजी पोलीस पाटील असताना चोराला चावडीत बसवून फौजदाराची वाट बघायचे, तसंच.) बंदराबाहेर मात्र मी कुणाही शेजाऱ्याइतकाच. हे सगळं मला पाठ आहे. तरी बाईंचं समाधान व्हावं म्हणून मी दाजींचं मनगट धरलं आणि कामावरच्या आवाजात म्हणालो, "पोलीस येईपर्यंत, जास्तीत जास्त तीन तास, इथंच थांबायचं." मग हळूच डोळा मिचकावला आणि बस पकडली.

डोळा दाजींना दिसला नाही. चष्मा देव्हाऱ्यापाशी होता.

ताई, ते बागेच्या बुटक्या भिंतीवर तीन तास बसले. मांडीवर फुलांची पिशवी, ओठांत नामस्मरण. पूजा व्हायची होती, म्हणून पाण्याचा घोटही नाही. तुझी भावजय मीनाक्षी हॉस्पिटलात ड्यूटीवर, आणि पोलिसांना कुणी बोलावलेलंच नाही. ब्रेंडाबाईंनी आधी चहा आणला (घेतला नाही), मग ब्लँकेट, शेवटी स्वतःची खुर्ची आणून दाजींच्या शेजारी बसून राहिल्या. वेळ संपल्यावर दाजींना हाताला धरून घरात घेऊन आल्या आणि पूजा होईपर्यंत उभ्या राहिल्या. मला नंतर म्हणाल्या, फ्रँकचे गुलाब इतक्या चांगल्या जागी कधी बसले नव्हते.

आता त्या बागेचं फाटक दाजींना कायमचं उघडं आहे. त्यांचा राग पकडल्याचा नाहीच. त्या संध्याकाळी एकच वाक्य बोलले, "फौजदाराला कळवलं नाहीस, मग बसवलंस कुठल्या अधिकारात?" ज्यांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून हायस्कूलला पोचवलं, त्यांना मी भिंतीवर बसवून निघून गेलो. रोज देवापुढे हात जोडतो, तेव्हा आधी ते मनगटच आठवतं.

तुझा,
शशिधर

ता. क. रविवारी त्यांचं विमान आहे. त्याआधी एक फोन करून त्यांना माझ्याशी बोलायला सांग. असे अबोल गेले, तर मला घर खायला उठेल. (पत्राचा फोटो मीनाक्षी तुझ्या फोनवर पाठवेल.)

ता. क. दुसरा. दाजींनी आत्ताच हे पत्र वाचलं, चष्मा लावून. म्हणाले, "तीन तास नव्हे, तीन तास दहा मिनिटं. पंचनामा बरोबर हवा." ताई, म्हणाले! वरचं "तीन तास" मी मुद्दामच अजून खोडलेलं नाही. पुन्हा सांगतील.